चाळीस माणसांची मंडळी, सुरुवात कुठून करायची?

ताई, आधी तुमचाच प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. मंडळीच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, रजिस्टरवर चाळीसेक नावं, रविवारी उपासनेला पंचवीस-तीस माणसं. पाळक तीन मंडळ्या सांभाळतात म्हणून तुमच्याकडे महिन्यातून दोनच रविवार येतात. तरुण पोरं एकतर मोठ्या चर्चला जातात नाहीतर घरी मोबाईलवर उपासना बघतात. अर्पण कमी होत चाललंय, खजिनदार अठरा वर्षं एकच आहेत, दोन घरं एकमेकांशी बोलत नाहीत आणि त्यामुळे कमिटीची मीटिंग म्हटलं की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. अशात तुम्हाला सेक्रेटरी केलंय. एक गट म्हणतो ड्रम, गिटार, प्रोजेक्टर आणा, दुसरा म्हणतो मोठ्या मंडळीत विलीन होऊन मोकळे व्हा, आणि तुम्ही विचारताय की पहिलं पाऊल कुठलं टाकू.

मी सत्तावीस वर्षं पाळक म्हणून काम केलं, चार मंडळ्या झाल्या, सगळ्यात मोठी नव्वद माणसांची आणि सगळ्यात लहान बावीस. माझं उत्तर असं की एक साधी वही घ्या आणि दर रविवारी कोण आलं नाही ते त्यात लिहायला लागा. बाकी सगळं त्यानंतर. हे फारच किरकोळ वाटेल, एवढे मोठे प्रश्न आणि हा माणूस वहीचं काय घेऊन बसलाय असंही वाटेल, पण तुमच्या पत्रातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न मला त्या वहीपाशीच येताना दिसतोय, कसा ते सांगतो.

माझ्या दुसऱ्या मंडळीत एक आजोबा होते. जागा ठरलेली, डावीकडचा तिसरा बाक, खिडकीशी. एक रविवार आले नाहीत, दोन झाले, पाच झाले. मला वाटलं मुलाकडे गेले असतील, एल्डरना, म्हणजे मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, वाटलं तब्येत बरी नसेल, बायकांना वाटलं पाळकसाहेब जाऊन आलेच असतील, आणि सगळ्यांचं असं वाटण्यात कोणीच गेलं नाही. शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी मी गेलो. आजोबा ठणठणीत. बोललो, म्हणजे मीच बोललो, ते मान हलवत राहिले. निघताना प्रार्थना करायला लागलो आणि मधेच श्वास घ्यायला थांबलो तर ते मोठ्यानं आमेन म्हणाले. मी पुढे सुरू केलं, परत थांबलो, परत आमेन. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की यांना ऐकूच येत नाहीये. हे वर्षभर चाललं होतं. आजी होत्या तोवर त्या गीताचा नंबर काढून पुस्तक त्यांच्या हातात द्यायच्या, शास्त्रपाठ आला की बोट ठेवून ओळ दाखवायच्या. आजी गेल्या आणि ते बोट गेलं. त्या बाकावर बसून सगळे गात असताना आपण चुकीचं पान उघडून बसलोय हे कळण्याची त्यांना लाज वाटायची, म्हणून त्यांनी यायचंच सोडलं.

उपाय दहा मिनिटांचा होता. स्टोअररूममध्ये गीतांचे नंबर लावायचा जुना लाकडी बोर्ड पडला होता तो पुसून पुढे टांगला, शास्त्रपाठाचा अध्याय आणि ओव्या त्याच्याखाली खडूनं मोठ्या अक्षरात लिहायला लागलो, आणि माझ्या उपदेशाचे कागद मी त्यांना आधीच हातात द्यायचो. आजोबा पुढे सहा वर्षं आले. आमच्या कमिटीत त्या वर्षी नवीन साऊंड सिस्टीमवर चार मीटिंगा झाल्या होत्या, पण त्या माणसाला ऐकू येत नाही हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

लहान मंडळीकडे मोठ्या चर्चसारखं संगीत नाही, पार्किंग नाही, पाच पाळक नाहीत. पण एक गोष्ट तिला जमते आणि हजार माणसांच्या चर्चला ती फार कष्टानं साधावी लागते, ती म्हणजे आज कोण आलं नाही हे कळणं. ते सुद्धा करत नसू तर मग आपण फक्त एक छोटं आणि जरा बेसूर मोठं चर्च होऊन राहतो, आणि अशा चर्चला तरुणांनी तरी का यावं.

वही कशी ठेवायची ते सांगतो कारण इथेच लोक चुकतात. कुटुंबाची नावं लिहू नका, माणसांची लिहा. "अमुक कुटुंब हजर" असं लिहिलं की त्यातली शाळकरी मुलगी दोन महिने आलेली नाही हे झाकलं जातं. लहान मुलांची नावंसुद्धा लिहा. वही सगळ्यांसमोर काढू नका, घरी जाऊन लिहा, नाहीतर शाळेतल्या हजेरीसारखं होतं आणि लोक बिचकतात. दोन रविवार दिसले नाहीत तर फोन, तीन झाले तर घरी जाणं. आणि हे सगळं तुम्ही एकटीनं करायचं नाही. चाळीस माणसं म्हणजे चार जणांनी दहा-दहा वाटून घेतली की झालं. ही काही माझी अक्कल नाही, १५४१ साली जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्व्हिनने मंडळीची व्यवस्था लिहिली तेव्हा एल्डर शहराच्या प्रत्येक भागातून घ्यायचे असं ठरवलं होतं, म्हणजे कुठल्याच भागावर नजर नाही असं होऊ नये.

मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीची गोष्ट तर मला फार आवडते. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये त्यांच्या सभागृहाच्या इमारतीवर कर्ज होतं आणि ते कसं फेडायचं यावर मीटिंग चालली होती. एका निवृत्त कॅप्टनने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि ज्याला जमणार नाही त्याची मी भरतो, मला अकरा जण नेमून द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन. बाकीच्यांनीही तसंच घेतलं. पैसे गोळा करायला ही माणसं घरोघरी जायला लागली आणि जाता जाता त्यांना दिसायला लागलं की कोणाच्या घरात भांडण आहे, कोण दारूत बुडालंय, कोण आजारी आहे. वेस्लीच्या लक्षात आलं की आपण इतके दिवस हेच तर शोधत होतो. त्यातून मेथॉडिस्टांचे क्लास उभे राहिले, बारा-बारा जणांचे, आणि ती सगळी चळवळ पुढे त्यावर चालली.

घरी गेल्यावर "का आला नाहीत" हे विचारायचं नाही. हा माझा कडक नियम आहे. त्या प्रश्नाने माणूस आरोपी होतो आणि मग तो कारण देतो, खरं सांगत नाही. "बरेच दिवस भेट नाही म्हणून आलो" एवढं पुरे. वीस मिनिटं बसा, ऐका, एक छोटी प्रार्थना, आणि निघा. दोघांनी मिळून जा, विशेषतः एकटी बाई किंवा एकटा पुरुष राहतो त्या घरी. बायबलातल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण वाचनात गाळतो कारण नुसती नावं आहेत, पण मी ती मोजली आहेत, प्रेषित पौल २४ जणांना नाव घेऊन सलाम सांगतो, आणि तोवर तो रोमला गेलेलाही नव्हता! रूफाच्या आईला तर तो "माझीही आई" म्हणतो. पर्सिसने प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केले हे त्याला इतक्या लांबून ठाऊक होतं, आणि आपल्याला तिसऱ्या बाकावरचं माहीत नसतं.

इथे एक गोष्ट मधेच सांगतो कारण हल्ली यातून फार दुखावलेली माणसं बघितली. प्रार्थनेचा व्हॉट्सअॅप ग्रुप. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा म्हणून कोणीतरी टाकतं, चांगल्या मनानेच, आणि त्यात आजाराचं नाव, हॉस्पिटल, रिपोर्ट सगळं असतं, मग ते दुसऱ्या ग्रुपवर जातं आणि संध्याकाळपर्यंत त्या बाईच्या ऑफिसमध्ये पोचतं. एका कुटुंबाने यामुळे मंडळी सोडली, मी त्यांना परत आणू शकलो नाही, आजही मनाला लागतं. त्यामुळे नियम करा की ज्याच्याबद्दल आहे त्याला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही, आणि हो म्हणाला तरी "अमुक भावासाठी प्रार्थना करा" इतकंच. आणि पाळकांच्या नावाने पैसे मागणारे खोटे मेसेज येतात, त्याला म्हातारी माणसं सगळ्यात आधी फसतात, तेव्हा एका रविवारी उपासनेनंतर उभं राहून स्पष्ट सांगून टाका की आपले पाळक मेसेजवर कधीही पैसे मागणार नाहीत.

आता खजिनदार. तुम्ही लिहिलंय की त्यांच्यावर कोणाचा संशय नाही पण हिशोब वर्षातून एकदा, तोही तोंडी. माझं ऐका, त्यांना बदलण्यापासून सुरुवात करू नका, अठरा वर्षं विनामोबदला राबलेला माणूस दुखावेल आणि त्याचं बरोबरही असेल. पद्धत बदला. अर्पण त्याच दिवशी, तिथेच, दोघांनी मोजायचं, दोघं एका घरातले नकोत, कागदावर आकडा, दोन सह्या. दर तीन महिन्यांनी एक पान, जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, नोटीस बोर्डवर. ही नवीन फॅशन नाही हे खजिनदारांना नक्की सांगा. जर्मनीत सॅक्सनीतल्या लायस्निग गावच्या मंडळीने १५२३ साली आपली सामाईक पेटी ठेवायचे नियम केले, धर्मसुधारक ल्यूथरने स्वतः त्याला प्रस्तावना लिहून ते छापले, आणि त्या पेटीला चार वेगवेगळी कुलपं होती. एक किल्ली सरदारांकडे, एक नगर कौन्सिलकडे, एक गावकऱ्यांकडे, एक आसपासच्या शेतकऱ्यांकडे. चौघं आल्याशिवाय पेटी उघडत नसे, आणि वर्षातून तीनदा सगळ्यांसमोर हिशोब. त्याच्याही आधी पौलाने वर्गणी पाठवताना आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला दुसरा भाऊ दिला, कारण प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही ते चोख दिसायला हवं होतं. हे दोन सह्यांचं रक्षण सगळ्यात जास्त त्या प्रामाणिक खजिनदारालाच मिळतं, असं मांडलंत तर बहुतेक ते स्वतःच हो म्हणतील. अर्पण कमी होण्याचं मला दिसलेलं एक मोठं कारण हेच आहे की पैसा कुठे जातो हे लोकांना दिसत नाही. अर्थात माणसं कमी झाली, पेन्शनवर आली, हेही आहेच, ते नाकारून चालणार नाही.

दोन घरांचं भांडण. याला वेळ लागेल. तुम्ही कारण लिहिलं नाहीत आणि मी विचारतही नाही, कारण सहा वर्षं जुन्या भांडणाचं मूळ कारण बहुतेक कधीच मेलेलं असतं, मागे राहतो तो एक अपमान, कोणीतरी कोणाला सगळ्यांसमोर काहीतरी बोललेलं असतं. मत्तय १८ मध्ये प्रभूने पायऱ्या सांगितल्यात. आधी तू एकटा त्याच्याकडे एकांतात जा, ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांग. आपण नेमकं उलटं करतो, आधी सगळ्या मंडळीला कळतं आणि ज्याच्याशी बोलायचं तो सोडून. कमिटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढून मी एकदा फार मोठी चूक केली होती, मला वाटलं सगळ्यांसमोर बोललं की मोकळं होईल. झालं उलटं, दोन्हीकडे बाजू घेणारे तयार झाले आणि दोन घरांचं भांडण सात घरांचं झालं.

हर्नहूटचं उदाहरण मी नेहमी देतो. छळामुळे मोरेव्हियातून पळून आलेल्या लोकांची वस्ती, सॅक्सनीत झिंझेनडॉर्फ नावाच्या सरदाराच्या जमिनीवर १७२२ मध्ये वसली, आणि पाच वर्षांत आपसात इतकी फाटाफूट की वस्ती मोडायची वेळ आली. झिंझेनडॉर्फ ड्रेस्डेनची नोकरी बाजूला ठेवून तिथे राहायला गेला, घरोघर फिरला, ऐकून घेतलं, आणि १२ मे १७२७ ला एकत्र कसं राहायचं याचा लेखी करार सगळ्यांपुढे ठेवला. त्यानंतर तीन महिन्यांनी, १३ ऑगस्टला, प्रभुभोजनाच्या वेळी ती माणसं रडत एकमेकांच्या गळ्यात पडली. लोक १३ ऑगस्टची गोष्ट सांगतात, आत्मा उतरला म्हणतात, आणि ते खरंच आहे, पण मला त्याच्या आधीचे महिने, ते दारोदार फिरणं तितकंच पवित्र वाटतं. तुमच्याकडे झिंझेनडॉर्फ कोण होणार? दोन्ही घरं ज्यांचं ऐकतात अशी एखादी म्हातारी मावशी किंवा काका प्रत्येक मंडळीत असतातच, त्यांना शोधा, आणि त्यांना घाई करायला लावू नका.

आणि भांडणात तक्रार खरी असेल तर तक्रार करणाऱ्यालाच काम द्या. प्रेषितांची कृत्ये सहावा अध्याय बघा, ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत आबाळ होते अशी कुरकुर उठली, तेव्हा मंडळीने निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ज्यांच्या बाजूची तक्रार होती त्यांच्याच हातात वाटणी गेली असं दिसतं. आपल्याला हे फार जड जातं.

तरुणांबद्दल थोडं रोखठोक बोलतो. ड्रम-गिटारने कोणी परत आलेलं मी बघितलं नाही. आणू नका असं नाही, पोरांना वाजवायचं असेल तर जरूर आणा, पण मोठ्या चर्चमधलं संगीत तुमच्यापेक्षा चांगलंच असणार, त्या शर्यतीत उतरूच नका. तरुण टिकलेले मी तिथे पाहिले जिथे त्यांच्याकडे खरं काम होतं, म्हणजे न केल्यास अडेल असं काम. शास्त्रपाठ वाचणं हे चांगलं आहे पण ते दुसरंही कोणी करू शकतं. एका मंडळीत आम्ही एकोणीस वर्षांच्या मुलाला ते तीन महिन्यांचं हिशोबाचं पान तयार करायला दिलं, पहिल्यांदा चुका केल्या, खजिनदारांनी शेजारी बसून दुरुस्त करून घेतल्या, दोन वर्षांत तो कमिटीवर आला. आणि कमिटीवर आला म्हणजे मत द्यायला आला, खुर्च्या मांडायला नाही. मोबाईलवर उपासना बघणाऱ्यांना टोमणे मारू नका. अंथरुणाला खिळलेल्यांना त्याचा केवढा आधार आहे. पण त्यांचं नाव वहीत "आले नाहीत" असंच लिहा, आणि फोन करा.

संडे स्कूलला चारच मुलं येतात म्हणून बंद करायचं असं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय. बंद करू नका, चार तर चार. १७८० मध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने रविवारची शाळा सुरू केली ती सहा दिवस कामावर जाणाऱ्या मुलांना वाचायला शिकवायला, कारण त्या मुलांना मोकळा दिवस तेवढाच होता. तुमच्या चार मुलांना कशाची गरज आहे ते बघा आणि त्याप्रमाणे वर्ग बदला. फक्त एक गोष्ट पक्की ठेवा, मुलांबरोबर खोलीत कायम दोन मोठी माणसं आणि दार उघडं. आपली मंडळी लहान आहे, सगळे घरचेच आहेत, असं म्हणून हा नियम कधीही सोडू नका.

पाळक दोन रविवार नाहीत याचं इतकं दडपण घेऊ नका. सर्व विश्वासणारे याजक आहेत हे आपण प्रोटेस्टंट लोक १५२० पासून सांगतोय, तर मग त्या दोन रविवारी पाळकांचा जुना उपदेश वाचून दाखवला, किंवा शास्त्रपाठ वाचून दोन-तीन जणांनी साक्ष दिली, तर उपासना अपुरी होत नाही. पाळकांची काळजी मात्र घ्या. तीन मंडळ्या म्हणजे तीन कमिट्या, तीन भांडणं, तीनपट अंत्यविधी. सासरा इथ्रो याने मोशेला निर्गम १८ मध्ये सांगितलं की तू एकटा हे करशील तर तूही थकशील आणि लोकही थकतील. वहीतली चार माणसं घरी जायला लागली की पाळकांकडे खरोखर त्यांचीच गरज असलेल्या भेटी उरतील, आणि त्यांना दर आठवड्याला वहीतली दोन-तीन नावं पाठवत जा, ते आनंदाने वाचतील, मी वाचायचो.

विलीनीकरणाला मी विरोध करणार नाही. काही मंडळ्यांनी ते करायला हवं आणि त्यात हार नाही. पण वर्षभर वही ठेवल्यावर ठरवा. कारण आज विलीन झालात तर किती माणसं नवीन ठिकाणी जातील आणि किती वाटेत गळतील हे तुम्हाला कळणारच नाही, तुमच्याकडे ती नावंच नाहीत. मी एक विलीनीकरण जवळून बघितलं, इमारतीचा, फर्निचरचा, बँक खात्याचा कागद चोख झाला आणि अकरा माणसं कुठल्याच चर्चला गेली नाहीत, ते दीड वर्षाने लक्षात आलं.

तर येत्या रविवारी मागच्या बाकावर बसा, म्हणजे सगळे दिसतील. घरी जाऊन न आलेल्यांची नावं लिहा, बुधवारच्या आत त्यातल्या तिघांना फोन करा. दोन सह्यांचं पुढच्या कमिटीत खजिनदारांशी आधी एकट्यात बोलूनच मांडा. आणि त्या दोन घरांचा विषय पहिला महिनाभर काढूच नका, दोन्ही घरी नुसतं बसून या, आणि दोघांकडे सारखाच वेळ बसा, ते मोजतात.